पाणी घातल्यावर घट्ट होणारा साबण

मलकापूरच्या आमच्या जुन्या घरामागच्या अंगणात एक मोठी लोखंडी कढई पालथी पडलेली असायची. पावसाळ्यात कोंबड्या तिच्या आडोशाला बसत. पण माझ्या लहानपणी ती महिन्यातून दोनतीनदा सरळ व्हायची, तिच्याखाली पऱ्हाटी पेटायची आणि दादा त्यात कपड्यांचा साबण शिजवायचे. सरकीचे तेल, थोडे मोहाचे तेल, कॉस्टिक सोड्याचे पाणी आणि शेवटी मीठ. वड्या पाडून त्या सायकलवर लादून दादा आठवडी बाजारात न्यायचे. शाळेचे तोंड त्यांनी फारसे पाहिले नव्हते. हिशेब मात्र तोंडी चोख.

एकदा नमाजला जाताना त्यांनी मला कढईपाशी बसवले. ‘ढवळत राहा’ एवढेच काम. थोड्या वेळाने मिश्रण जड वाटायला लागले, म्हणून मी शहाणपणा करून त्यात दोन तांबे पाणी ओतले. डाळ घट्ट झाली की अम्मी पाणीच घालायची ना! पण झाले उलटेच. मिश्रण पातळ होण्याऐवजी चिकट गोंदासारखे अडले आणि लाकडी दांडा त्यात उभाच राहिला. दादा परतले. ओरडले नाहीत. म्हणाले, ‘‘पानी से साबुन पतला नहीं होता बेटा, और अड़ जाता है. जा, नमक ला.’’ मूठभर मीठ पडले, मग आणखी मूठभर. हळूहळू तो गोळा सुटला, सैल झाला, साबण वर आला आणि खाली काळपट पाणी राहिले.

मी विचारले, ‘‘ऐसा क्यों होता दादा?’’

‘‘ऐसाच होता है.’’

तो ‘का’ माझ्या मनात चाळीसेक वर्षे तसाच राहिला. गेल्या वर्षी भाची रसायनशास्त्रात एम.एस्सी. करू लागली. तिच्या प्रकल्पाबद्दल ती सांगत होती आणि बोलता बोलता तिने वहीत षटकोनांची जाळी काढली. ‘‘मामू, साबणात पाणी वाढवलं की एका टप्प्यावर तो असा होतो आणि मग हलतच नाही.’’ मला एकदम अंगणातली कढई आठवली. त्यानंतर जे वाचत गेलो त्यातून हा लेख झाला. यात साबणाचा इतिहास आहे, पण मला खरे बोलायचे आहे ते आपल्याबद्दल. कृती हाती असलेले आणि ‘का’ विचारणारे हे दोन लोक एकमेकांना कधी भेटतात आणि कधी भेटत नाहीत, याबद्दल.

आधी एक गैरसमज बाजूला करू. ‘साबण मुसलमानांनी शोधला’ असा मजकूर आपल्या मोबाइलवर अधूनमधून फिरतो. तो खरा नाही. तेल आणि राख उकळण्याची कृती मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्यांवर इस्लामच्या अडीच हजारांहून अधिक वर्षे आधी नोंदलेली आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी गॉल प्रदेशातल्या साबणाची माहिती देतो आणि त्याला ‘सापो’ म्हणतो. त्याच शब्दाचे अरबीत ‘साबून’ झाले. अरबीतून फारसीत, फारसीतून आपल्याकडे. कबीरांच्या दोह्यात साबण आहे. तुकोबांच्या एका अभंगातही साबणाचा दाखला येतो, तो पाण्याच्या निर्मळपणाशी जोडून. त्या दाखल्याकडे शेवटी परत येऊ. म्हणजे सतराव्या शतकातल्या देहूच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नव्हता.

मग मुस्लिम जगाचा वाटा कोणता? तो मोठाच आहे, पण वेगळा आहे. युरोपातला जुना साबण बराचसा जनावरांच्या चरबीचा आणि लाकडाच्या राखेचा. लाकडाच्या राखेत पोटॅश जास्त, त्यामुळे साबण मऊ लगदा राहतो. शाम आणि इराकच्या कारागिरांनी ऑलिव्हचे तेल घेतले आणि खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या झुडपांची राख घेतली. या राखेत सोडा जास्त, म्हणून साबण कडक होतो. त्याची वडी पाडता येते, ती सुकते, टिकते, उंटावर लादून दूर नेता येते. त्या राखेला अरबीत ‘अल-कली’ म्हणत. शाळेच्या पुस्तकात आपण ‘अल्कली’ वाचतो तो हाच शब्द. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला वारलेले रयचे हकीम अबू बक्र अल-राझी यांच्या नावावरही साबणाच्या कृती सांगितल्या जातात. हलब आणि नाबलुस ही शहरे साबणासाठी नावाजली. २०२४च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने हलबचा ‘गार’ साबण आणि पॅलेस्टाइनचा नाबलुसी साबण या दोन्ही परंपरांची मानवजातीच्या वारशात नोंद केली. ही नोंद झाली तेव्हा हलबने वर्षानुवर्षांचे युद्ध सोसलेले होते आणि पॅलेस्टाइन ते सोसत होते.

इथे फिकहची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हनफी मदरशांत आजही शिकवले जाणारे इमाम कुदूरी यांचे ‘मुख्तसर’ हे पुस्तक अकराव्या शतकातल्या बगदादचे. कुदूरींचे निधन १०३७ साली झाले. त्यात पाण्याच्या प्रकरणात एक प्रश्न येतो. पाण्यात एखादी पाक वस्तू मिसळली आणि पाण्याचा एखादा गुण बदलला, तर त्या पाण्याने वजू होतो का? उदाहरणे दिली आहेत ती पुराच्या गढूळ पाण्याची, केशराची आणि साबणाची. उत्तर असे की होतो. पुढच्या हनफी आलिमांनी मर्यादाही सांगितली. पाण्याचा पातळपणा आणि वाहतेपणा शिल्लक असेल तोवर ते पाणी. ते घट्ट झाले की त्याला पाणी म्हणता येणार नाही.

मी हे वाचताना थबकलो. साबणाचे पाणी कुठवर पाणी असते आणि कधी दुसरेच काही होते, हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी विचारला गेला होता. विचारला तो इबादतीच्या गरजेतून. उत्तरही व्यवहारापुरते मिळाले आणि ते पुरेसे होते. पण घट्ट का होते, हा पुढचा प्रश्न तिथे निघाला नाही. निघायला हवा होता अशी तक्रार मी करत नाही. तो फकीहांचा विषयच नव्हता. माझी तक्रार आजच्या आपल्याबद्दल आहे. आपण अल-राझींचे नाव घेऊन थांबतो.

पुढची पायरी फ्रान्समध्ये चढली गेली. १८२३ साली शेव्ररल या रसायनशास्त्रज्ञाने चरबीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तेल आणि चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि स्निग्धाम्ले यांची जोडणी, आणि अल्कली ती जोडणी तोडते, हे त्याने दाखवले. सुटलेली आम्ले सोड्याशी बांधली जातात, तोच साबण. दादांच्या कढईत तळाला राहणाऱ्या काळपट पाण्यात ग्लिसरीन असायचे. ते नालीत जायचे. मोठ्या कारखान्यांत तेच वेगळे काढून विकले जाते.

साबणाचा एक कण म्हणजे लांब शेपटीचा जीव समजा. डोके पाण्याशी जमवून घेते. शेपटी तेलाची, तिला पाणी नको. आता पाण्यात असे असंख्य कण पडले तर ते कसे राहतील? हा प्रश्न इंग्लंडच्या ब्रिस्टलमध्ये जेम्स विल्यम मॅकबेन नावाच्या माणसाने धरला. जन्म कॅनडातला, १८८२चा. त्याच्या लक्षात एक विसंगती आली. साबणाच्या पाण्यातून वीज चांगली वाहते, म्हणजे त्यात विद्युतभारित कण भरपूर असले पाहिजेत. पण इतर मोजमापे घेतली, तर सुटे कण फारच थोडे असल्यासारखे दिसते. दोन्ही मोजमापे खरी, मग मेळ कसा? १९१३ साली मॅकबेनने उत्तर सुचवले. कण आहेत, पण ते घोळक्याने राहतात. या घोळक्याला ‘मायसेल’ म्हणतात. लंडनच्या एका सभेत त्याने ही कल्पना मांडली तेव्हा अध्यक्षांनी ती मूर्खपणाची म्हणून झटकून टाकली, असा किस्सा रसायनशास्त्रज्ञ आजही सांगतात.

घोळका कसा, तर शेकोटीभोवती बसलेल्या माणसांसारखा. तोंडे आत, पाठी बाहेर. साबणाच्या कणांच्या शेपट्या आत दडतात, डोकी बाहेर पाण्याकडे राहतात. कोणी त्यांना रांगेत उभे करत नाही. पाण्यापासून शेपटी लपवायची एवढ्या एका गरजेतून रचना आपोआप उभी राहते. आज टूथपेस्ट, शाम्पू यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या सोडियम डोडेसिल सल्फेटचे साध्या पाण्यात लिटरमागे सव्वादोन-अडीच ग्रॅमपेक्षा कमी प्रमाण असेल, तर कण सुटे फिरतात. त्या मर्यादेपलीकडे गेले की साठेक कणांचे घोळके बनू लागतात. कपड्यावरचा तेलकट मळ या घोळक्यांच्या पोटात शिरतो आणि पाण्याबरोबर निघून जातो.

आता कढईकडे येऊ. मॅकबेन नुसता पातळ साबणाच्या पाण्यावर थांबला नाही. साबण, पाणी आणि मीठ कमीजास्त प्रमाणात, कमीजास्त तापमानाला एकत्र ठेवून काय काय अवस्था मिळतात याचे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नकाशे काढले. हे ज्ञान मुळात साबण कारखान्यातल्या कढईवाल्यांचे होते. त्यांच्या बोलीत प्रत्येक अवस्थेला नाव होते. मॅकबेनने त्यांचे शब्द घेतले आणि त्यांना मोजमाप दिले.

नकाशा थोडक्यात असा. पाणी कमी असते तेव्हा साबणाचे कण थरांत बसतात. साबणाचा पदर, पाण्याचा पदर, पुन्हा साबणाचा पदर, पापडांच्या चळतीसारखे. थर एकमेकांवरून घसरू शकतात, म्हणून गरम साबण जड असला तरी ओतता येतो. त्यात आणखी पाणी घातले की थर मोडतात आणि लांब कांड्या तयार होतात. या कांड्या षटकोनी मांडणीत एकमेकींना खेटून बसतात. पऱ्हाटीची मोळी करकचून बांधावी तशा. मोळीतली काडी बाजूला सरकू शकत नाही. म्हणूनच पाणी वाढले तरी साबण अडतो. मोळी सुटेल इतके भरपूर पाणी घातले, तर कांड्या तुटून छोटे गोल घोळके होतात आणि तेव्हा कुठे मिश्रण पातळ होते. मीठ घातले तर डोक्यांमधला परस्परांचा विरोध कमी होतो, मीठ पाणीही आपल्याकडे ओढते, आणि कांड्या पुन्हा थरांकडे वळतात. आणखी मीठ घातले की साबण पाण्यातून वेगळाच होऊन वर येतो. थर आणि कांड्या ही केवळ कल्पना नव्हती. १९५०च्या दशकात स्ट्रासबर्गमध्ये लुझाती आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी ही रचना पक्की केली.

मी ओतलेले दोन तांबे पाणी थरांना कांड्यांपर्यंत नेऊन थांबले होते. दादांच्या मिठाने त्यांना परत आणले. ‘ऐसाच होता है’ या तीन शब्दांमागे एवढे सारे होते.

मॅकबेनला ब्रिस्टलमध्ये १९१९ साली जे प्राध्यापकपद मिळाले, त्याचे नाव लेव्हरह्यूम प्राध्यापकपद. हे लेव्हरह्यूम म्हणजे सनलाइट साबणाचे मालक विल्यम लेव्हर. साबण विकून मिळालेला पैसा साबणाचे ‘का’ शोधणाऱ्याकडे गेला. कारखान्यातला कढईवाला, पैसेवाला आणि प्रयोगशाळा हे तिघे एका धाग्यात आले. मला हे तिघांचे एकत्र येणे मॅकबेनच्या बुद्धीइतकेच महत्त्वाचे वाटते.

तोच सनलाइट साबण १८८८पासून हिंदुस्तानात उतरू लागला होता. आपल्या मलकापूरपर्यंत असा माल यायला आगगाडी तयारच होती. नळगंगेच्या काठचे हे गाव खानदेशच्या फारुकी घराण्यातल्या शहजाद्याने वसवले आणि आपल्या मुलीवरून त्याला नाव दिले, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये आहे. अकबराच्या काळात ते नरनाळा सरकारातल्या एका परगण्याचे ठिकाण होते. १८६७पर्यंत मुंबईहून भुसावळमार्गे नागपूरला जाणारा लोहमार्ग पुरा झाला आणि मलकापूर कापसाचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. जिनात कापूस वेगळा होतो, सरकी उरते, सरकीचे तेल निघते. जिथे तेल तिथे साबण. घरगुती साबणाच्या कढया अशा गावांत पेटल्या नसत्या तरच नवल.

विलायती साबणाबद्दल मात्र मनात एक खटका होता. चरबी कशाची? डुकराची असेल अशी शंका मुसलमानाला, गाईची असेल अशी हिंदूला. १९१८-१९च्या सुमारास मुंबईत गोदरेजने निव्वळ वनस्पती तेलांचा साबण बाजारात आणला आणि दोघांची शंका एकाच वडीत मिटवली. १९३४ साली शिवडीत लेव्हरचा कारखाना सुरू झाला. आणि मग आपल्याच मुलखात, खानदेशात, एक गोष्ट घडली. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली. कारखाना अमळनेरला. साने गुरुजींनी जिथे शिकवले, जिथे १९१६पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, त्या अमळनेरला. भोवताली भुईमुगाची शेती. शेंगदाण्याच्या तेलापासून वनस्पती तूप, आणि तेल शुद्ध करताना जे उरते त्यापासून कपड्यांचा साबण. साबणाचे नाव ‘७८७’. हीच कंपनी पुढे विप्रो झाली.

मलकापूरहून भुसावळ, तिथून जळगाव, पुढे सुरतच्या मार्गावर अमळनेर. तीनचार तासांचे अंतर. फाळणीच्या आदल्या-नंतरच्या त्या वर्षांत एक मुसलमान उद्योजक खानदेशात साबण करत होता, हे आपल्या घरांत क्वचितच सांगितले जाते. आपल्याला संगणकाची विप्रो माहीत असते, कढईची नाही.

आता तारखांकडे बघा. १९४५ला अमळनेरची कंपनी. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन केले. तिचा पहिला संचालक कोण? जेम्स विल्यम मॅकबेन. तोच साबणवाला. ब्रिस्टलनंतर तो अमेरिकेत स्टॅनफर्डला गेला होता. तिथून निवृत्त झालेला हा ६७ वर्षांचा माणूस नेहरूंच्या बोलावण्यावरून पुण्यात आला, १९५२पर्यंत राहिला, आणि १९५३च्या मार्चमध्ये अमेरिकेत वारला. मायसेलची कल्पना जगाला देणाऱ्याने आयुष्यातली शेवटची मोठी नोकरी पाषाण रस्त्यावर केली. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या किती जणांना हे ठाऊक आहे? मला नव्हते.

म्हणजे त्या दोनतीन वर्षांत एकाच मुंबई प्रांतात अमळनेरची कढई होती आणि पुण्यात त्या कढईचा नकाशा काढणारा माणूस होता. प्रांताची हद्द ओलांडली की मलकापुरात दादांची पिढी होती. तिघे एकमेकांना ओळखत नव्हते. ओळखण्याचे कारणही नव्हते. दादांचे ज्ञान हातात होते, मॅकबेनचे ग्रंथात, आणि मध्ये भाषेची, शाळेची, पैशाची नदी. विदर्भात तिच्यावर पूल बांधायचा एक प्रयत्न झाला होता, तोही सांगायला हवा. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती तंत्रशिक्षणासाठी ठेवली आणि त्यातून १९४२ साली नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. तेलाचे तंत्रज्ञान हा तिथला एक मुख्य विषय. पण आमच्या मोहल्ल्यातून तिथे कोणी गेल्याचे मी ऐकलेले नाही. चूक संस्थेची नव्हती. दहावीनंतर काय असते, हेच आमच्यापर्यंत पोचले नव्हते.

भाचीचा विषय याच्या पुढचा आहे. मीठ म्हटले की आपल्यासमोर खडे येतात. खाण्याचे मीठ वितळवायचे तर ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. पण मिठातले कण मोठे आणि वेडेवाकडे असतील, तर ते नीट रचून बसू शकत नाहीत आणि मीठ साध्या तापमानालाही द्रव राहते. १९१४ साली पॉल वाल्डेन या शास्त्रज्ञाने असे एक मीठ नोंदवले, इथिलअमोनियम नायट्रेट. ते बारा-तेरा अंशांनाच वितळते. अशा मिठांना आयनिक द्रव म्हणतात. मॅकबेनचा मायसेल १९१३चा, वाल्डेनचे द्रव मीठ १९१४चे. दोघांच्या कामाची गाठ पडायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली. १९८२ साली फेनेल इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी वाल्डेनच्या त्याच द्रव मिठात साबणासारखे पदार्थ टाकले आणि पाणी नसतानाही घोळके बनतात हे दाखवले.

पुढे प्रश्न आला की द्रव मिठाच्या कणालाच लांब शेपटी जोडली तर? मग मीठ आणि साबण हे दोन वेगळे राहत नाहीत, एकच पदार्थ दोन्ही होतो. पाण्यात टाकला तर मायसेल करतो. पाणी कमी केले तर कांड्या आणि थर करतो. काही तर पाण्याशिवाय, नुसते गरम केल्यावरही थरांत बसतात. दादांच्या कढईत तेल, मीठ, पाणी वेगवेगळे पडत. इथे मीठच साबण आहे. भाची वहीत जी षटकोनी जाळी काढत होती ती या पदार्थाची. आपल्या देशात भावनगरच्या मीठ आणि सागरी रसायनांच्या केंद्रीय संशोधन संस्थेत यावर काम झाले आहे. मायसेलांच्या अभ्यासात अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या रसायन विभागाचे नाव आहे. प्राध्यापक कबीर-उद-दीन यांनी तिथे साबणवर्गीय पदार्थांवर वर्षानुवर्षे शोधनिबंध लिहिले. सर सय्यद यांच्या अलीगढविषयी आपण तराणा आणि शेरवानीच्या पलीकडे बोलतो तेव्हा हेही बोलले पाहिजे.

याचा उपयोग काय, असे घरात विचारले गेलेच. एक उदाहरण आमच्या चुलीपाशीच आहे. २००२ साली अमेरिकेत रॉबिन रॉजर्स यांच्या गटाने दाखवले की काही आयनिक द्रवांत सेल्युलोज थेट विरघळते. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि पऱ्हाटीतही ते भरपूर. जी पऱ्हाटी दादा कढईखाली जाळायचे ती वेगळ्या द्रवात विरघळवून धागा किंवा दुसरे काही करता येईल का, यावर जगात काम चालू आहे. एक सावधगिरीही भाचीनेच सांगितली. वाफ होऊन उडत नाहीत म्हणून या द्रवांना सरसकट ‘हिरवे’ म्हटले गेले. पण शेपटी जितकी लांब तितका तो पदार्थ जिवंत पेशींची पडदी फोडण्यात पटाईत. साबण २०२०मध्ये विषाणूचे स्निग्ध आवरण फोडत होता म्हणून आपण वीस वीस सेकंद हात धूत होतो. तीच ताकद नदीत गेली तर मासोळीला सोडणार नाही.

आता तुकोबांच्या पाण्याकडे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आपल्याला माहीत आहे. जमिनीखालचे पाणी खारे. पिण्यासाठीही लोकांनी पिढ्यानपिढ्या हाल काढले. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाच्या कणांना पकडून पांढरा चोथा करतात, आणि मीठ जास्त असेल तर दादांच्या कढईत व्हायचे तेच बादलीत होते, साबण पाण्यातून बाहेर पडतो. आमच्या घरातल्या बायका विहिरीच्या पाण्यात एकाच कपड्याला दोनदा, तीनदा साबण लावायच्या आणि दोष साबणाला द्यायच्या. म्हणजे दादांना. दादा म्हणायचे, ‘‘साबुन अच्छा है, पानी खराब है.’’ कोणी ऐकायचे नाही.

ते बरोबर होते. जड पाण्यातही चालणारी पावडर बाजारात आली, स्वस्त झाली, आणि दादांची गिऱ्हाइके एकेक करून गेली. त्यांच्या वडीपेक्षा ती पावडर आमच्या पाण्याला अधिक सोयीची होती, हे रसायन त्यांना कोणी सांगितले नाही. ते स्वतःच्या हाताला दोष देत राहिले. कढई पालथी पडली ती कायमचीच. अब्बांनी नंतर ती भंगारात दिली.

मी बऱ्याचदा विचार करतो की त्या वेळी घरात एखादी रसायन शिकलेली मुलगी असती तर? दादांचा धंदा वाचला असताच असे नाही. पण आपण हरलो ते हाताच्या चुकीने नाही, एवढे तरी त्यांना कळले असते. माणसाला हे कळणे लहान गोष्ट नाही.

आपल्याकडे पूर्वजांच्या शोधांची यादी वाचण्याची सवय लागली आहे. यादी वाईट नाही. पण अल-राझींच्या साबणाचा अभिमान बाळगणाऱ्याने आपल्या घरातल्या कढईवाल्यालाही आलिम मानले पाहिजे, आणि घरातल्या मुलाने ‘क्यों’ विचारले तर त्याला प्रयोगशाळेच्या दारापर्यंत पोचवले पाहिजे. विल्यम लेव्हरने ते पैशाने केले, लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने केले. आपल्या मोहल्ल्यातली जकात आणि सदका यांतून एखाद्या मुलीची एम.एस्सी.ची फी भरली गेली, तर तेही तेच काम आहे.

भाची पुढच्या महिन्यात प्रकल्प सादर करणार आहे. मी तिला अंगणातल्या दोन तांबे पाण्याची गोष्ट सांगितली. ती हसली आणि म्हणाली, ‘‘मामू, मीठ किती टाकलं होतं त्यांनी? आठवतं का?’’

मूठभर, मग आणखी मूठभर. तिने वहीत तेवढेच लिहून घेतले आणि खाली ‘परदादा, मलकापूर’ अशी नोंद केली.